तिरप्या गुटक्याचं पेटंट

कुरखेड्याच्या बाजाराच्या टोकाला जलालुद्दीन मिस्त्रीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक भाता, एक ऐरण, लाकूड तासायची जागा आणि वर कौलं. पण बंडी, म्हणजे बैलगाडी, करावी तर जलालुद्दीननंच, असं आसपासच्या वीस गावांत म्हणत. आपलं चाक पाच पावसाळे हलत नाही, हे तो स्वतःच गिऱ्हाइकाला सांगायचा. त्यात बढाई नव्हती, कारण ते खरं होतं.

१९५६च्या माघात मुखरू दोनाडकरची धानानं भरलेली बंडी हत्तीदांडाच्या उतारावर बैलांच्या अंगावर गेली. एक बैल जागेवर मेला, मुखरूचा पाय मोडला. मोडलेलं जू घेऊन त्याची बायको सुगंधाबाई कारखान्यात आली. जलालुद्दीन उठून बंडी पाहायला गेला. आस शाबूत होती, दोन्ही चाकं शाबूत होती, चाकांवरच्या लोखंडी धावेवर साधा ओरखडा नव्हता.

"बंडी माही काहीच बिघडली नाई," तो म्हणाला, "अन बैल मेला. याले का चांगली बंडी म्हणाव का, बाई?"

सुगंधाबाई म्हणाली, "बंडी चांगलीच हाये, भाऊ. थांबत नाई, एवढंच."

ते वाक्य त्याला लागलं. बारा वर्षं तो चालणाऱ्या बंड्या करत होता. थांबणारी एकही केली नव्हती.

उतारावर बंडी पुढे लोटते तेव्हा बैल अंग मागे रेटतात, हे त्यानं हजारदा पाहिलं होतं. मग बैलांच्या त्या रेटण्यानंच चाक का आवळू नये? त्यानं जू दांडीवर वीतभर मागेपुढे सरकेल असं बसवलं, जुवापासून चाकांपर्यंत लोखंडी सळी नेली आणि सळीच्या टोकांना तिवसाच्या लाकडाचे दोन जाड गुटके, म्हणजे ठोकळे, टांगले. बैल मागे रेटले की जू सरके, सळी ढकलली जाई आणि गुटके चाकांवर दाबून बसत. हाकणाऱ्यानं काहीच करायचं नाही. हे जमायला आठ महिने गेले, तीन सळ्या वाकल्या आणि डाव्या अंगठ्याचं नख गेलं.

मुखरूचा पाय बरा झाला, पण बंडीवर चढणं त्याला जमेना. त्यामुळे बंडी आता सुगंधाबाई हाकायची. गावाला ते नवीन होतं, तिला नव्हतं. भाऊ नसल्यानं बापाच्या घरी ती परकर नेसायच्या वयापासून बैल हाकत आली होती. ब्रेकची पहिली बंडी तिचीच. नवा बैल जोडून, बारा पोती लादून ती हत्तीदांडावरून खाली आली. बंडी म्हाताऱ्या माणसासारखी सावकाश उतरली. खाली जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जलालुद्दीननं वाजवल्या नाहीत. तो वाकून गुटके किती झिजले ते पाहत होता.

शाळेचे गुणवंतराव गुरुजी तिथंच होते. ते म्हणाले, "मिस्त्री, याचं पेटंट घ्या. नाहीतर उद्या कोणीही उचलेल."

पेटंट म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. आपण काढलेली नवी वस्तू सरकारदरबारी आपल्या नावावर लागते आणि काही वर्षं आपल्याला विचारल्याशिवाय ती कोणी करून विकू शकत नाही. कलकत्त्याला अर्ज करायचा, इंग्रजीत, आकृत्यांसह. जलालुद्दीनला हे पटलं. गुरुजींनी पहिला अर्ज लिहून पाठवला. पूर्ण वर्णन नंतर पाठवायची मुदत होती.

आठवड्यानं सुगंधाबाई बंडी घेऊन कारखान्यात हजर.

"जलालभाऊ, तुमचा ब्रेक समोर जाते. मांगं येत नाई."

"म्हंजे?"

"खळ्यात पोती उतरवाले बंडी मांगं न्या लागते. बैलं मांगं रेटते, का ब्रेक लागते. काल चार माणसायनं सळी धरून ठेवली तवा बंडी मांगं गेली. घडीघडी चार माणसं कुठून आणू?"

जलालुद्दीनच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं खुंटी लावून पाहिली. बंडी मागे नेण्याआधी हाकणाऱ्यानं खाली उतरून ती अडकवायची. सुगंधाबाईनं मान हलवली. "खुंटी काढाची राहून गेली, अन तसाच उतार लागला, मंग?" त्यानं साखळी लावली, तीही तिनं नाकारली. महिनाभर हेच चाललं. तो चिडला, पण तिचं म्हणणं दर वेळी बरोबर निघे.

एका सकाळी ती बंडीवरून उतरली आणि हातातली काठी तिनं चाकाच्या धावेला तिरपी टेकवून धरली.

"आता बंडी समोर लोटा."

त्यानं लोटली. काठी चाकाखाली ओढली गेली, रुतली, चाक अडलं.

"आता मांगं घ्या."

चाक उलटं फिरलं आणि काठीला झटकून बाजूला सारत मोकळं फिरत राहिलं.

"तुमचे गुटके सरळ टांगले हाये," ती म्हणाली. "तिरपे टांगा. समोर जातानी चाकच त्याले आत ओढून घेईन, मांगं येतानी चाकच फेकून देईन. बंडी कुठी चालली ते चाकाले ठाऊक राह्यते, भाऊ. आपण काऊन सांगाव त्याले?"

जलालुद्दीननं तिच्या हातची काठी घेतली आणि स्वतः चारदा करून पाहिलं. मग लगेच भाता ओढायला घेतला. दुपारपर्यंत तिरपे गुटके लागले आणि बंडी कारखान्याच्या अंगणात पुढेमागे फिरली, कोणी सळी न धरता.

गुरुजींनी पूर्ण वर्णन लिहिलं, दोन आकृत्या काढल्या, आणि कागद कलकत्त्याला गेले. अर्जात नाव जलालुद्दीनचं होतं. ते आधीपासूनच होतं. कोणाला त्यात काही वाटलं नाही, सुगंधाबाईलाही नाही.

उत्तर यायला सात महिने लागले. गुरुजींनी ते कारखान्यात बसून वाचलं, वाचताना दोनदा थांबले.

"मिस्त्री, सरकणारं जू आणि सळी हे जुनं आहे म्हणतात. विलायतेत तीस वर्षांपूर्वी दोघांनी केलेलं आहे."

"मी तं कोणाचं पाह्यलं नाई."

"ते त्यांनाही मान्य आहे. पण नवं म्हणता येणार नाही. नवा आहे तो फक्त तिरपा गुटका. तेवढ्यापुरता अर्ज ठेवा, पेटंट देऊ, असं लिहिलंय. म्हणजे काम झालंच की!"

जलालुद्दीन ऐरणीवर बसला. आठ महिने, तीन सळ्या, एक नख. ते सगळं आपण खरोखर शोधलं होतं, आणि तरीही ते आपलं नव्हतं. जे नवं होतं, ते एका बाईनं काठीनं दाखवलं होतं.

"गुरुजी, अर्जात मी सही कशाखाली केली होती?"

"हा शोध खरा आणि पहिला माझा आहे, याखाली."

"पयल्या अर्जाच्या वक्ती ते खरं होतं. आता नाई."

"अहो, पण कोण विचारायला येणार आहे?"

"कोणी नाई येनार," जलालुद्दीन म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

सुगंधाबाई धानाच्या बांधीत रोपांचा रोवणा करत होती. घोटाभर चिखलात उभी राहून तिनं सगळं ऐकलं. बांधावर बसलेला मुखरू म्हणाला, "जाऊ द्या ना मिस्त्री. तिचं नाव कागदावर काऊन पायजे? लोक हासतीन."

"तुमी चूप बसा जी," ती म्हणाली. मग जलालुद्दीनकडे वळली. "ते सायब म्हनते का तिरपा गुटका नवा हाये?"

"हो."

"मंग माह्यं नाव लिवा. पयले माह्यं, मंग तुमचं. लोखंड तुमी ठोकलं, मी नाई ठोकलं."

इतकं सरळ कोणी मागेल अशी त्याची अपेक्षा नव्हती. त्याला हसू आलं, आणि मनावरचं ओझंही उतरलं. "सही येते?"

"चौथी शिकली हावो मी. मोडीबी येते."

गुरुजींनी नव्यानं प्रतिज्ञापत्र लिहिलं. दोघांच्या सह्या झाल्या. तिची जास्त सुबक होती. व्यवसायाच्या रकान्यात काय लिहावं यावर गुरुजी अडले. शेतकाम, असं त्यांनी सुचवलं. "बंडी हाकते असं लिवा," ती म्हणाली, "त्याबिगर हे सुचलं असतं का?"

१९५९च्या पावसाळ्यात पेटंटाचा शिक्क्याचा कागद आला. तोवर कारखान्यात तिरप्या गुटक्यांच्या एकोणीस बंड्या झाल्या होत्या. वडशाच्या एका लाकडाच्या ठेकेदारानं सुताराला धरून तशीच एक करवून घेतली, तेव्हा जलालुद्दीन आणि सुगंधाबाई दोघं तिथं गेले आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. ठेकेदारानं इंग्रजी वाचलं, दोघांकडे पाहिलं आणि पुढच्या तीस बंड्यांचं काम कुरखेड्याला दिलं.

त्या ब्रेकला जलालुद्दीननं 'कुरखेडा ब्रेक' असं नाव ठरवलं होतं, तशी पत्र्याची पाटीही ठोकली होती. लोकांनी ते घेतलं नाही. गिऱ्हाईक येई आणि म्हणे, "मिस्त्री, बाईचा ब्रेक बसवून द्या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला हातोडा क्षणभर थांबला. दुसऱ्यांदा थांबला नाही. पुढे तो स्वतःच विचारू लागला, "साधी बंडी पायजे, का बाईच्या ब्रेकची?" आणि हत्तीदांड उतरून जायचं असेल, तर साधी बंडी द्यायला तो साफ नाही म्हणायचा.