बिडाचा टोप आणि अकरा चिठ्ठ्या

मित्रांनो, आधी सगळे गप्प बसा आणि नुसतं ऐका. मधे कुणी बोललं ना, की माझी उकळी मोडते, आणि मग मला पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

मी एक जुना बिडाचा टोप आहे. खाली तीन आखूड पाय, वर जाड कडी, आणि झाकण असं वजनदार की चोरून चाखायला आलेल्याच्या बोटांवर एकदा पडलं तर तो आठवडाभर वास घ्यायलासुद्धा फिरकत नाही. मेलबर्नच्या एका ओतशाळेत लालभडक रस वाळूच्या साच्यात ओतला आणि मी जन्मलो. मला बाहेर काढणारा माणूस बोटाने टकटक करून शेजारच्याला म्हणाला, "हा तुझ्या नातवंडांना पुरेल." पुरलो की नाही?

आधी मी गुरं हाकणाऱ्यांबरोबर फिरलो. मग मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीच्या ट्रकमध्ये चढलो आणि तिथलाच झालो. पश्चिमेकडच्या लाल मातीत एका शेडवरची कातरणी संपली की सामान बांधायचं आणि पुढची शेड गाठायची. माझ्या पोटात मटण. सकाळी मटण, दुपारी मटण, रात्री सकाळचं उरलेलं मटण. माझा रस्सा खाऊन माणसं मिशा पुसायची आणि म्हणायची, "असा टोप होणे नाही!" मी नुसता फुगायचो.

आणि मग स्टील आलं. चकचकीत, हलकं, बिनडोक. मला एका शेडमागच्या पाण्याच्या टाकीखाली सरकवलं. बारा वर्षं कुत्रा माझ्यातून पाणी प्यायचा. कुत्रा वाईट नव्हता, पण मित्रांनो, कुत्रा तो कुत्राच! बाहेरून गंज, आतून शेवाळ. मला वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात टेगन आली.

ज्या शेडमागे मी पडलो होतो, त्याच कुराबीनच्या शेडवर सहा आठवड्यांची कातरणी होती आणि टोळीला आचारी हवा होता. टेगन तिथली नवी आचारीण. तिशीची, हातभर वेणी, आणि हनुवटी अशी पुढे काढलेली की ही बाई कुणाचं ऐकणार नाही हे मला टाकीखालूनच कळलं. तिने मला पाहिलं, कुत्र्याला दुसरं भांडं दिलं आणि मला वाळूने, विटेच्या तुकड्याने, मग तारेच्या घासणीने असं काही घासलं की बाप रे! मग तेल लावून चुलीवर तापवलं, पुन्हा तेल, पुन्हा ताप. संध्याकाळी मी काळाभोर चमकत होतो.

"स्टीलचं भांडं आहे की," तिचा बाप दारातून म्हणाला. "हा कशाला?"

"स्टीलला तळाशी लागतं, बाबा. मला सावकाश शिजवायचंय."

हा बाप म्हणजे क्लेम. त्रेसष्ट वर्षांचा, टोळीतला सगळ्यात जुना कातरणारा. आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण सगळं यावरच आहे. मागच्या हिवाळ्यात शेडमध्ये एकटाच शेवटची मेंढी कातरताना क्लेम तिच्यावरच कोसळला होता. हृदयाचा झटका. डॉक्टरने सांगितलं, चरबीचं मटण निम्म्यावर आणा, रोजच्या जेवणात डाळी, कडधान्यं घाला, प्रथिनं त्यातूनही मिळतात. क्लेमने काय करावं? टोळीला सांगितलं की मेंढ्याने धडक दिली, दोन बरगड्या मोडल्या! आणि टेगनला म्हणाला, "ससा करायचाय का मला? डाळ खाऊन कुणी मेंढी कातरलीय?"

बरं, त्याला वेगळं ताट वाढावं तर तेही नाही. टोळीच्या जेवणाच्या खोलीत एकच टोप, एकच वाढप. ज्याला वेगळं ताट लागलं तो माणूस संपला, पुढच्या हंगामात त्याला कुणी बोलवत नाही. म्हणून टेगनने ठरवलं, बापाला वेगळं नाही ना चालत, मग सगळ्यांनाच तेच!

ती तीन वर्षं विमेरा भागातल्या मसुराच्या शेतावर राबली होती. येताना एक पोतं घेऊनच आली. पहिल्या दिवशी तिने माझ्यात खिमा टाकला आणि त्यावर एक मग मसूर डाळ. दोन तास मंद आचेवर. मी ती डाळ अशी विरघळवली, अशी विरघळवली, की डाळीलासुद्धा कळलं नाही ती कुठे गेली!

माणसं आली, बसली, खाल्लं. टेगन चुलीपाशी पाठ करून उभी. एकच पळी पुन्हा पुन्हा पुसत होती, ते फक्त मला दिसलं.

"कोण म्हणालं आचारीण नवीन आहे?" डार्बी ओरडला. डार्बी म्हणजे टोळीतला सगळ्यात जलद कातरणारा, आणि तोंडही तेवढंच जलद. "वाढ अजून! मागचा आचारी आम्हाला चामडं वाढायचा."

"चामडं नव्हतं ते," वीरेमू म्हणाला. हा न्यूझीलंडचा माओरी गडी, दोन माणसांएवढा रुंद. "तुझाच जुना बूट होता. मी ओळखला."

दुसऱ्या आठवड्यात दोन मग डाळ. तिसऱ्यात तीन मग, आणि मटण निम्म्यावर. खिम्याच्या टिक्क्या, रस्सा, वर बटाट्याचा थर देऊन भाजलेला खिमा, सगळ्यात मसूर. कुणालाही पत्ता नाही. क्लेम ताट पुसून खायचा. दुपारच्या सुट्टीत पूर्वी भिंतीला टेकून धापा टाकायचा, तो आता वीरेमूच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत बसायला लागला. मित्रांनो, मी एवढा आनंदात होतो की झाकण आपोआप नाचायचं.

आणि चौथ्या आठवड्यात, सोमवारी, घात झाला.

त्या दिवशी पाव भाजायचा होता, गडबड होती, आणि टेगनने डाळ न निवडता टाकली. तुमच्या घरी कुणी डाळ निवडत असेल तर तुम्हाला कळलंच असेल पुढे काय झालं. खोलीत सगळे खाताहेत, आणि एकदम, कट्!

डार्बीने तोंडातून खडा काढला. खड्याबरोबर दाढेचा तुकडा.

"मटणात दगड?" तो म्हणाला. "मेंढी काय रस्ता खाऊन मोठी झाली?"

सगळे हसले. डार्बी नाही हसला. तो उठला, सरळ कोठीत गेला, आणि अर्धं झालेलं पोतं ओढत बाहेर आला. मसूर जमिनीवर सांडत होता.

"हे काय आहे, टेगन?"

"मसूर."

"कधीपासून?"

ती खोटं बोलू शकली असती. मला वाटलं, बोलेल. "पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

मग जो गलका झाला! कुणी म्हणालं, हे जनावरांचं खाणं. कुणी म्हणालं, म्हणूनच माझं पोट गुडगुडतंय. वीरेमू म्हणाला, "डार्बी, गेल्या मंगळवारी तू दोनशे बारा मेंढ्या कातरल्यास. तुझा या वर्षीचा सगळ्यात मोठा आकडा. त्या काय हवा खाऊन?"

"आकड्याचं नाही बोलत मी!" डार्बीचा गाल सुजत चालला होता. "जळकं वाढ, खारट वाढ, खाईन. पण मला गंडवायचं नाही. मी काय खातो हे मला ठाऊक असायला पाहिजे."

आणि खरं सांगू? त्याचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्याच्या बाजूने नव्हतो, पण चूक नव्हतं.

टोळीत एक रीत आहे. मेंढ्या पावसात भिजल्या की कातरायच्या की थांबायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. आचारी नको झाला तरी तसंच. लोकरीची प्रत ठरवणारी मॉइरा ही टोळीची निवडून दिलेली प्रतिनिधी, पन्नाशी उलटलेली, कमी बोलणारी. ती म्हणाली, "उद्या जेवण झाल्यावर चिठ्ठ्या. 'राहू दे' किंवा 'जाऊ दे'. बहुमत होईल ते."

क्लेम मागच्या बाकावर बसला होता.  त्याचा चेहरा असा झाला होता की त्याला सगळं उमगलं हे मला उमगलं.

मंगळवारी सकाळी तो चुलीपाशी आला. "सांगणार आहेस का त्यांना? माझ्यासाठी केलंस म्हणून?"

"नाही. ते तुझं आहे, तू सांग नाहीतर नको सांगूस."

"हाकलतील तुला."

"हाकलू देत. तोवर आजचं जेवण माझं आहे."

आणि तिने काय केलं माहितीये? दुसरी कुणी असती तर तिने त्या दिवशी नुसते मटणाचे चॉप तळून सगळ्यांना खूश केलं असतं. टेगनने अख्खा मसूर घेतला. एकेक दाणा निवडला. कांदा, गाजर, थोडं मटण, आणि मसूर असा की आंधळ्यालाही दिसावा. मला उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं, झाकण काढलं आणि म्हणाली, "यात मसूर आहे. जास्त मसूर, कमी मटण. मी लपवलं ते चुकलं, त्याची माफी मागते. घातलं ते चुकलं नाही, त्याची नाही मागणार."

 चमचे वाजत राहिले. डार्बीने फक्त पाव खाल्ला, तोही एका गालाने.

मग मॉइराने आपली टोपी उलटी करून माझ्याशेजारी ठेवली. अकरा माणसं, अकरा चिठ्ठ्या. टेगन दाराशी हाताची घडी घालून उभी. मॉइराने एकेक चिठ्ठी उलगडून वाचली. राहू दे. जाऊ दे. जाऊ दे. राहू दे. माझ्यातली वाफसुद्धा थांबली होती, देवाशप्पथ!

"राहू दे, पाच," मॉइरा म्हणाली. "जाऊ दे, सहा. टेगन, मला वाईट वाटतं. शनिवारी गाडी येईल."

टेगनने मान हलवली आणि माझ्याकडे आली. मला उचलायला कडीला हात घातला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"त्या सहातली एक माझी आहे."

क्लेम उभा होता.

सगळे वळले. बापाने पोरीच्या विरुद्ध चिठ्ठी टाकली हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. टेगनच्या हातातून माझी कडी सुटली आणि मी धाडकन टेबलावर आदळलो.

"ती परत दे, मॉइरा."

"टाकलेली चिठ्ठी परत मिळत नाही, क्लेम. तूच शिकवलंयस मला, वीस वर्षांपूर्वी."

"मग ऐकून तरी घ्या." त्याने बाकाची कड धरली. "मेंढ्याने धडक दिली नव्हती. बरगड्या मोडल्या नव्हत्या. हृदय बंद पडत आलं होतं. डॉक्टरने मला डाळ खायला सांगितली, आणि मी हिला सांगितलं की मेलो तरी चालेल. माझं औषध तुमच्या ताटात आलं याची मला लाज वाटली. आणि ही गेली की कुणाला काही कळणार नाही, असंही वाटलं. म्हणून 'जाऊ दे' लिहिलं. पोटच्या पोरीच्या नावापुढे लिहिलं."

वीरेमूने चमचा खाली ठेवला. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या.

"अरे म्हाताऱ्या," डार्बी शेवटी म्हणाला, "मग आधी बोलायचं ना! माझी दाढ तरी वाचली असती."

"बोललो असतो तर तू माझ्याकडे कीव करत बघितलं असतंस."

"मी? तुझी कीव? परवा माझ्या चहात मीठ घालणारा तूच ना?"

मॉइरा म्हणाली, "पुन्हा चिठ्ठ्या टाकता येतात. पण सगळ्यांची तयारी हवी. एकाचा जरी नकार असेल तर नाही. हात वर करा."

वीरेमूचा हात सगळ्यात आधी. मग एकेक. दहा हात झाले. डार्बीचा खाली. तो सुजलेला गाल चोळत टेगनकडे बघत होता, टेगन त्याच्याकडे. ती काही विनवणी करेना, हनुवटीही खाली घेईना. मग त्याने ताट पुढे ओढलं, माझ्यातून स्वतःच्या हाताने एक पळी मसूर वाढून घेतला, एका गालाने चावत चावत अख्खी पळी संपवली, सगळ्यांना ताटकळत ठेवून.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला आणि हात वर केला.

चिठ्ठ्या पुन्हा पडल्या. मॉइराने मोजल्या, दोनदा मोजल्या. किती कशा पडल्या ते तिने सांगितलंच नाही. एवढंच म्हणाली, "टेगन, चहाचं पाणी ठेव. आणि उद्या काय आहे ते फळ्यावर लिहीत जा."

त्या दिवसापासून फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं: आज राजमा, आज हरभरे, आज मसूर आणि थोडं मटण. कुरकुर रोज होते. टोप रोज रिकामा होतो.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी काळा म्हातारा माळ्यावर पडला असेल तर त्याला खाली काढा, तेल लावा. आणि रोजच्या जेवणात एक मूठ जास्त डाळ घाला, पण सांगून घाला. निवडूनही.

पण मला अजून एक कळत नाही. क्लेम गप्प बसला असता तर ती चिठ्ठी त्याची होती हे जन्मात कुणाला कळलं नसतं. सगळ्यांदेखत उभं राहून, पोरीच्या डोळ्यांत बघून, "त्या सहातली एक माझी आहे" म्हणायचं... तुम्ही त्याच्या जागी असता, तर काय केलं असतं?