पाटावरची बाटली

शिंपीणबाईंच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत बाई खाटेवर, उजव्या हाताला सलाईन. ती बाटली खाली पाटावर ठेवून एक अंगारेवाला बाबा मंत्र म्हणत डोळे गरागरा फिरवत होता. हाताकडून बाटलीकडे नळीतून लाल रेघ उतरू लागली, तशी माणसं हात जोडून पुढे सरसावली.

"रोग उतरतोय! डॉक्टर आत भरतो, मी बाहेर काढतो!"

दवाखान्याची सिस्टर कोपरं मारत आत शिरली. चार दिवसांपूर्वी तिनेच घरी येऊन सलाईन लावलं होतं, पण गेले दोन दिवस तिला बाईंच्या मुलाने उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं. सुईला परक्याची नजर लागते म्हणे! सुईच्या जागेवर अंगाऱ्याचा लेप थापलेला होता. त्याखाली हात टम्म फुगलेला, गरम, आणि शिरेवरून कोपरापर्यंत लाल पट्टा.

"मावशी, बोटं हलवा बरं."

"कात्रीसुद्धा धरवेना गं," बाई रडवेल्या झाल्या. त्या हातावरच घर चालत होतं.

"तो पट्टा म्हणजे रोगाची वाट," बाबा गरजला. "सात दिवस सुई काढायची नाही. काढाल तर हात जाईल!"

"ठेवाल तर जाईल." सिस्टरने नळीवरचं चाक फिरवून बंद केलं. लाल रेघ जागीच थांबली. बाबाने मंत्राचा आवाज चढवला, रेघ ढिम्म हलली नाही.

"काय हो बाबा, तुमचा रोग प्लॅस्टिकच्या चाकाला भितो?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग ते लाल काय आहे?" मुलाने विचारलं.

"तुझ्या आईचं रक्त. बाटली हाताच्या वर टांगली की पाणी अंगात जातं, खाली ठेवली की रक्त नळीत येतं. पाण्याला उतार कळतो, मंत्र नाही. आणि ही सुई चार दिवस तशीच राहिली, वर राख फासली, म्हणून शीर सुजली."

तिने साबणाने हात धुतले, सुई काढली, कापूस दाबून धरला. बाबा एव्हाना चपला शोधत होता. दुसऱ्याच्याच घालून पळाला.

"आता आईला दवाखान्यात घेऊन चल, तिचा हात उंच ठेवून," ती मुलाला म्हणाली आणि दारातल्या गर्दीकडे वळली. "आणि तुम्ही! इतकी माणसं दोन दिवस नळीकडे बघत बसलात, हाताकडे एकानेही पाहिलं नाही. सुईची जागा झाकू नका. दुखली, फुगली, लाल झाली की आम्हाला बोलवा. चमत्कार दिसला की विचारा, हे होतं कसं? विचारायला पैसे पडत नाहीत."

आठवड्याने सूज उतरली. शिंपीणबाईंनी सुईत दोरा ओवला. तिसऱ्या खेपेला, पण स्वतःच्या हाताने.