गुरुवारच्या खोलीचा दरवाजा

मित्रांनो, सदाशिव पेठेतल्या एका इमारतीचा जिना चढून आलात, की समोर जो जुना सागवानी दरवाजा दिसतो, तो मी. मला दत्तोबा सुतारांनी घडवलं. आत तेव्हा टायपिंगचा वर्ग होता. मुलं मला ढकलत, माझ्यावर पेन्सिलीनं नावं लिहीत. मग वर्ग बंद पडला आणि मला कुलूप लागलं. कित्येक वर्षं माझ्या बिजागऱ्यांना तेलाचा थेंब मिळाला नाही. पावसाळ्यात मी फुगायचो, उन्हाळ्यात तडकायचो.

एके दिवशी समुपदेशन करणाऱ्या नीरजाताई आल्या. त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं, आतून जाड कडी बसवली आणि बाहेर पाटी लावली : 'शिवणवर्ग. दर गुरुवारी दुपारी.' आत मात्र एकही शिलाई मशीन नव्हतं. एक सतरंजी होती आणि तिच्यावर गोल करून बसणाऱ्या सात-आठ बायका. नवऱ्याचा मार आणि शिव्या सोसून त्यांची मनं आजारी पडली होती. खरी पाटी लावली असती, तर त्यांना घरून कोणी येऊ दिलं नसतं.

मंडईत भाजी विकणाऱ्या सरुबाई सर्वांत जुन्या. बिबवेवाडीची हेमा नवी. ती माझ्याकडे तोंड करून बसायची, पाठ कधी करायची नाही. बरेच गुरुवार ती बोललीच नाही. एकदा नीरजाताईंनी विचारलं, "या आठवड्यात स्वतःसाठी काय केलंत?"

त्या दिवशी हेमा म्हणाली, "केस धुतले. त्याआधी उठावंसंच वाटत नव्हतं. हे म्हणतात, आळशी आहेस."

"मलाबी तसंच व्हायचं," सरुबाई म्हणाल्या. "मेथीची जुडी उचलायची ताकद नसायची."

"तो आळस नाही, आजार आहे," नीरजाताई म्हणाल्या. "औषधानं आणि बोलण्यानं उतरतो."

हळूहळू हेमा बोलू लागली. एकदा तर हसली. त्याच सुमारास जिन्यावर बूट वाजू लागले. ते माझ्यापर्यंत येत, थांबत आणि परत जात. एका गुरुवारी त्या माणसानं माझ्या फळीला कान लावला. त्याच्या श्वासाची ऊब मला लागत होती. आत बायका मोकळेपणानं बोलत होत्या आणि मला त्यांना सावध करता येत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी अगदी हलकी टकटक झाली.

"अहो, मी दिगंबर. हेमाचा नवरा. आपल्या वर्गात मशिनचा आवाज फारच कमी येतो, नाही का?"

नीरजाताईंनी माझी कडी नीट लागलीय ना, ते पाहिलं.

"हेमा, चल. रेणूला शाळेतून आणलंय. खाली स्कूटरवर बसलीय. एकटीच."

लेकीचं नाव ऐकताच हेमा उठली. तिचा हात माझ्या कडीवर आला. सरुबाईंनी खिडकीतून वाकून पाहिलं. "स्कूटर रिकामी हाय," त्या म्हणाल्या.

हेमानं कडी सोडली. "मी येणार नाही," ती म्हणाली. आधी पुटपुटली, मग बाहेर ऐकू जाईल असं म्हणाली.

बाहेर त्यानं माझ्या फळीवरचा हात काढला. मग तो म्हणाला, "ठीक आहे. आता खरंच शाळेत जातो." बूट सावकाश जिना उतरले.

नीरजाताईंनी शाळेला फोन लावून हेमाच्या हातात दिला. "मी येईपर्यंत रेणूला कोणाकडेही देऊ नका," हेमा म्हणाली. "वडिलांकडेही नाही." मग सगळ्याजणी एकदमच जिना उतरल्या. मी सताड उघडा राहिलो. आत पंखा फिरत होता, चहा निवत होता.

तो आठवडा फार लांबला. पाटी वाऱ्यानं हलली, तरी मला वाटे, तोच आला.

गुरुवारी सरुबाई आल्या. त्यांच्यामागे हेमा होती आणि तिचा पदर धरून रेणू. शाळेच्या बाईंनी फाटक लावून घेतलं होतं, म्हणून ती वाचली. आता दोघी सरुबाईंच्या घरी राहतात. पोलिसांत तक्रार दिली आहे. तरी तो समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहतोच. रेणूनं आत येताच, कोणी न सांगता, माझी कडी लावली. ओढून पाहिली. बसायला गेली, परत आली आणि पुन्हा ओढून पाहिली.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे, कधीतरी मोडेन. म्हणून एक मागणं आहे. शेजारच्या बंद दाराआड कोणी रडताना ऐकू आलं, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. आईला, बाईंना, विश्वासाच्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. आम्हा दरवाजांना सगळं ऐकू येतं, पण सांगता येत नाही. तुम्हाला येतं.