ऑपरेटर सरळ चालू लागतो

पाणीपुरवठा कार्यालयातल्या टेलिफोन ऑपरेटरचे दोन्ही डोळे लहानपणीच्या तापात गेले होते, आणि मोठेपणी तो दारूला लागला होता. पहिली गोष्ट सगळ्या ऑफिसला ठाऊक होती. दुसरीचा कुणाला पत्ता नव्हता, कारण पहिलीने तिला पाठीशी घातलं होतं.

सकाळी येताना तो दाराच्या चौकटीला खांदा घासायचा, कपाटावर गुडघा आपटायचा आणि शेवटी स्वतःची खुर्ची समजून टाइपिस्टच्या टेबलावर टेकायचा. लोक हळहळायचे, "बिचाऱ्याला दिसत नाही ना." दुपारनंतर जीभ जड व्हायची आणि 'पंपिंग स्टेशन' मधले निम्मे प कुठेतरी सांडायचे. मग लोक म्हणायचे, "दिवसभर बोलून दमत असेल हो." एकदा त्याने पाइप फुटल्याची तक्रार साहेबांच्या घरी जोडून दिली. साहेबांच्या बायकोने ती शांतपणे ऐकून घेतली आणि प्लंबरही पाठवला. त्याच वर्षी ऑपरेटरला आदर्श कर्मचारी म्हणून निवडलं. बक्षीस घ्यायला तो मंचावर चढला, माइकच्या दांड्याशी हस्तांदोलन केलं आणि रिकाम्या हाताने खाली उतरला. सभागृहात कितीतरी जणांचे डोळे पाणावले.

दारू थर्मासमध्ये असायची, थर्मास टेलिफोन बोर्डाखाली, आणि तोंडात कायम खोकल्याची गोळी.

घरी बायको होती, शाळेत जाणारी मुलगी होती, आणि अधूनमधून राहायला येणाऱ्या सासूबाई होत्या. सासूबाईंना मोतीबिंदू. एक दिवस त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं आणि बायकोला सुट्टी मिळेना. ऑपरेटर म्हणाला, "मी नेतो की." त्या सकाळी थर्मास जरा लवकर उघडला होता, त्यामुळे अंगात हुशारी होती. सासूबाईंनी त्याचा हात धरला, त्याने सासूबाईंचा. आपल्याला दुसरा नेतोय असं दोघांनाही वाटत होतं. अशा रीतीने ते रुबाबात चालत चालत थेट एका खड्ड्यात गेले. खड्डा ऑपरेटरच्याच खात्याने खणलेला होता.

"जावईबापू, लागलं का?" सासूबाईंनी तळातून विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मनगट गेलं बहुतेक. जरा इकडे तोंड करा बघू." त्याने तोंड केलं. त्यांनी एकदाच श्वास आत ओढला. "म्हणजे तुम्हाला दिसत नाही म्हणून आपण इथे नाही आलो तर."

वर गर्दी जमली. "अरेरे, आंधळा आहे हो!" कुणीतरी ओरडलं, आणि लोकांनी आधी त्याला बाहेर काढलं. त्याला सावलीत बसवलं, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. मनगट मोडलेली म्हातारी बराच वेळ खालीच होती. 'अहो, त्यांना काढा' असं त्याला म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं तर वास येईल, म्हणून आदर्श कर्मचारी ओठ घट्ट मिटून पाठ थोपटून घेत बसला.

हाताला प्लास्टर घालून झाल्यावर सासूबाईंनी त्याला बाजूला घेतलं. "मी हे कुणाला सांगायची नाही. पण प्लास्टर निघायच्या आत तुम्ही सुटलेले असायला हवं. नाही सुटलात, तर मोकळा झालेला हात मी कशाला वापरीन ते तुमचं तुम्ही ठरवा."

बायकोला त्याने दारूचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत होतं. पण तुम्हाला माहीत आहे की नाही, तेच कळत नव्हतं." ऑफिसात मात्र खरं सांगायची हिंमत झाली नाही. त्याने डोळ्यांच्या उपचारासाठी म्हणून लांबलचक रजा टाकली. साहेबांनी गहिवरून सही केली.

व्यसनमुक्ती केंद्रातले पहिले दिवस फार वाईट गेले. अंगावरून मुंग्या चालायच्या, घामाने गादी भिजायची आणि कानात टेलिफोन बोर्ड वाजत राहायचा. तो खाटेवर उठून बसायचा आणि नसलेले फोन नसलेल्या माणसांना जोडून द्यायचा. शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. एका दुपारी त्याने पडल्या पडल्या म्हटलं, "हॅलो, माझ्या आईला द्या." ती वारल्याला बरीच वर्षं झाली होती. ऑपरेटरने खूप वेळ प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, "लाइन लागत नाहीये हो, साहेब." मग दोघंही उशीत तोंड खुपसून रडले.

समुपदेशकाने सगळ्यांना रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःच्या नजरेला नजर देऊन चुका कबूल करायला सांगितलं होतं. ऑपरेटर नेमाने उभा राहायचा. आरसा मागच्या भिंतीवर होता आणि आपण रोज चादरींच्या कपाटाला कबुली देतोय, हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं. "आधी का नाही सांगितलंत?" त्याने ड्रायव्हरला विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही इतकं मनापासून बोलत होता. माझ्याच्याने मोडवेना."

त्याला खरं वळण लावलं ते काठीच्या बाईंनी. त्याही आंधळ्या होत्या आणि आठवड्यातून काही वेळा केंद्रात येऊन पांढऱ्या काठीने चालायला शिकवायच्या. कधीकाळी त्यांना झोपेच्या गोळ्यांचं व्यसन होतं. ऑपरेटरने आजवर काठी हातात धरलीच नव्हती.

"मी लोकांचे खांदे धरून चालतो," तो म्हणाला.

"खांदे चांगले असतात," बाई म्हणाल्या. "पण त्यांनाही घरी जायचं असतं. धरा काठी. पाऊल उजवं, काठी डावीकडे."

तो कुरकुरला, अडखळला, काठी फेकून दिली. बाईंनी ती त्याच्याकडूनच शोधून घेतली. एकदा व्हरांड्यात चालता चालता त्या सहज म्हणाल्या, "दारू सुटली की डोळे येत नाहीत, हे माहीत आहे ना?"

"म्हणजे काय! मला कळत नाही का?"

"डोक्याला कळतं. मनातून बऱ्याच जणांना आशा असते. मलाही होती."

ऑपरेटर जागच्या जागी थबकला. ती आशा त्यालाही होती. आंधळा आहे म्हणून पितो, असंच तो स्वतःला सांगत आला होता. म्हणजे पिणं गेलं की आंधळेपणही थोडंफार हलेल, असा काहीतरी हिशेब आत कुठेतरी दबा धरून बसला होता. आता पिणं गेलं होतं आणि आंधळेपण होतं तिथेच होतं, तसूभरही हललं नव्हतं.

"मग आता काय करू?" त्याने विचारलं.

"आता पायऱ्या," बाई म्हणाल्या. "चार वर चढा, मग वळा."

रजा संपवून तो ऑफिसात गेला तो एकटा, काठी टेकत. जिना चढला, कपाटाला वळसा घातला, आपल्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "नमस्कार मंडळी." सगळ्या ऑफिसने माना वळवल्या. मग टाइपिस्टने कॅशियरच्या कानात म्हटलं, "उपचार लागू पडला!"

दुपारपर्यंत बातमी पंपिंग स्टेशनपर्यंत गेली. कॅन्टीनवाल्याने एक शब्द न बोलता चहाचा कप पुढे केला. वाफ नाकाला लागली तसा ऑपरेटरने तो अलगद घेतला. झाला पहिला पुरावा. कॅशियरने हळूच त्याच्या तोंडासमोर हात हलवला. "पंखा चालू आहे, कॅशियरसाहेब, वारा नका घालू," ऑपरेटर म्हणाला. झाला दुसरा. तो जितका सांगे की मला काहीही दिसत नाही, तितके लोक डोळा मारून म्हणत, "बरोबर आहे, सांभाळूनच राहा." त्याने डोळा मारलेला दिसला नाही म्हणावं तर तेही नाटकच ठरे.

आठवडाभराने साहेबांनी आत बोलावलं. त्यांचा आवाज जड झाला होता. "तुमचं अभिनंदन करू की काय करू, तेच समजत नाही. ही जागा दृष्टिहीनांसाठी राखीव आहे. तुम्हाला दिसायला लागलं असेल तर ती सोडावी लागेल."

"पण साहेब, मला दिसत नाही."

"मग पूर्वी इतके आपटत होता ते आता का नाही आपटत?"

उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळून तो बाहेर आला.

चौकशी समिती नेमली गेली: साहेब, कॅशियर आणि एक डोळ्यांचे डॉक्टर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळे पूर्ण निकामी आहेत. कॅशियर म्हणाला, "डोळ्यांबद्दल आमची तक्रारच नाही. ह्यांना दिसतं का, एवढंच विचारतोय." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. अखेर असं ठरलं की व्हरांड्यात खुर्च्या मांडायच्या आणि समितीसमोर ऑपरेटरने त्यातून चालून दाखवायचं. आपटला तर आंधळा.

चाचणीच्या सकाळी शिपाई टेलिफोन बोर्डापाशी आला. भला माणूस, वर्षानुवर्षं त्याने ऑपरेटरला हाताला धरून बसस्टॉपवर सोडलं होतं. त्याने टेबलावर काहीतरी ठेवलं. झाकण फिरल्याचा आवाज झाला आणि तो वास आला.

"भाऊ, मला सगळं माहीत होतं," शिपाई कुजबुजला. "थर्मास मीच धुवायचो ना. आजच्या दिवस दोन घोट घ्या. पहिल्यासारखं चालून दाखवा, नोकरी वाचेल. मग सोडा परत."

ऑपरेटरच्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं बिनतोड कारण त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं: संसारासाठी, मुलीच्या शाळेसाठी, चक्क सत्य सिद्ध करण्यासाठी प्यायचं! त्याने चाचपडत बाईंचा नंबर फिरवला.

"बाई, आंधळा आहे हे पटवण्यासाठी मला प्यावं लागणार आहे." त्याने सगळं सांगितलं.

बाई आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "बाटली कुठे आहे?"

"समोर."

"कुणी आणली?"

"आमच्या शिपायाने. माझ्या भल्यासाठी."

"त्यालाच मोरीत ओतायला सांगा. मी फोनवर आहे, मला ओतल्याचा आवाज ऐकू द्या."

शिपायाने रिसीव्हर मोरीशी धरला आणि हळहळत ओतलं. आवाज थांबेपर्यंत ऑपरेटर खुर्चीचे हात धरून बसला होता.

"आता खोटं खोटं पडू का?" त्याने विचारलं.

"पडा की. पण मग रोज पडावं लागेल, निवृत्त होईपर्यंत. गुडघे तुमचे आहेत."

व्हरांड्यात सगळं ऑफिस जमलं होतं. खुर्च्या वेड्यावाकड्या मांडलेल्या होत्या, आणि मध्ये कुणीतरी कुंडीही ठेवली होती. ऑपरेटर काठी फिरवत निघाला. पहिल्या खुर्चीवर आपटायचं त्याने मनाशी ठरवलंही. पण काठीने खुर्ची सांगितली आणि पाय आपले आपण वळले. तो कुंडीलाही वळसा घालून समितीच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. मागून एक सुस्कारा ऐकू आला. बहुधा शिपायाचा.

"साहेब," तो म्हणाला, "मी आपटायचो तो आंधळा होतो म्हणून नव्हे. मी प्यायलेला असायचो. इथेच, बोर्डावर बसून. रोज. डोळ्यांचा उपचार वगैरे काही नव्हता, मी दारू सोडायला गेलो होतो. आणि माझ्या सासूबाई खड्ड्यात पडल्या तेव्हा मी गप्प राहून पाणी पीत बसलो होतो." शेवटचं वाक्य समितीला कळलं नाही, पण ते बोलल्याशिवाय त्याला थांबता येईना.

 मग कॅशियर म्हणाला, "शक्यच नाही. आंधळा माणूस ग्लासात ओतेल कसा?"

"ग्लास लागतच नव्हता."

साहेबांना त्यापेक्षा मोठी अडचण दिसत होती. "अहो, तेव्हा तर आम्ही तुम्हाला आदर्श कर्मचारी केलं होतं!" ते कळवळून म्हणाले. समिती आत गेली आणि दार लावून पुष्कळ वेळ भांडली. डॉक्टरांचा आवाज सगळ्यात वर होता. अखेर निकाल लागला: ऑपरेटर आंधळा आहे, ड्यूटीवर प्यायल्याबद्दल त्याला शिक्षा म्हणून काही काळ जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवावं. त्या खोलीतला दिवा कधीचाच गेलेला होता. म्हणून दुसऱ्या कुणाला तिथे बसवताही येत नव्हतं.

तिथले दिवस लांब होते. काम नव्हतं, फोन नव्हता, धुळीचा आणि जुन्या कागदाचा वास तेवढा होता. तिथे त्याला दारू फार आठवली, केंद्रात आठवली नव्हती इतकी. कधी तो काठी घेऊन रॅकांमधून फेऱ्या मारायचा, कधी उगाच बाईंना फोन करायला शिपायाच्या खुर्चीशेजारच्या फोनपर्यंत जायचा. कधी नुसता बसायचा आणि आतली तडफड जरा ओसरेपर्यंत बसूनच राहायचा. ओसरायची. मग परत यायची. शिक्षा संपली तेव्हा बोर्डावर परत बसताना त्याला लाज वाटली, आणि मग पहिला फोन वाजला. त्याने तो बरोबर जागी जोडला.

त्या संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि ओला टॉवेल पलंगावर टाकला. बायको आतून आली आणि कडाडली, "टॉवेल टाकायची जागा आहे का ही? गादी ओली होते! दांडी काय शोभेला बांधली आहे?"

तो चकित होऊन उभा राहिला. लग्न झाल्यापासून ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. टॉवेल उचलायची, सांडलेलं पुसायची, फुटलेलं भरायची, आणि सगळं गप्प राहून. आता मात्र ती थांबेना. टॉवेलवरून ती चपलांवर गेली, चपलांवरून मुलीच्या अभ्यासावर, आणि तिथून कुठल्या तरी फार जुन्या, न दिलेल्या निरोपावर. शेजारणीने खिडकी उघडल्याचं ऐकू आलं, तरी आवाज खाली आला नाही. मुलगी हसत होती.

"अहो, ऐकताय का?"

"ऐकतोय," तो म्हणाला, आणि टॉवेल घेऊन दांडी शोधायला गेला.