जोडीचा ड्रेस

फिरोजी. त्यावर चंदेरी टिपके, राईच्या दाण्याएवढे. तळहाताएवढा एक चौकोन आणि त्यावर बाळाची टाच — लाल, अजून जमिनीला न लागलेली — एकसारखी घासत असलेली. टाच सरकली की टिपके दिसायचे, परत आली की झाकले जायचे. दीप्ती पलंगापाशी वाकून बघत होती, खोलीतल्या बायकांना वाटत असेल ही बाळ बघते आहे, पण बाळाचा चेहरा तिनं अजून पाहिलाच नव्हता... ती गोधडी बघत होती.

असा कपडा आणखी कोणाकडे असू शकतो. गोंदियाच्या त्या दुकानात कपड्याचं अख्खं थान होतं, काही आमच्या दोघींसाठीच विणलं नव्हतं. पण गोधडीत आजूबाजूला राखीच्या शाळेच्या निळ्या स्कर्टचे तुकडे होते, तिच्या आईच्या लुगड्याचे होते, सगळे धुऊन धुऊन मऊ, उडालेले. हा एकटा कडक. रंग जसाच्या तसा, एकदाही पाण्यात न गेलेला. आणि त्याच्या एका टोकाला गळ्याची लाल पाइपिंग. ती मी सांगितली होती केवलराम टेलरला. लाल लावा म्हणून. दोघींच्याही.

हा ड्रेस तर जळला होता.

आमच्या इस्त्रीनं जळला होता.

"उचल ना वं तिले, पाहून कायले राहिली नुसती," राखी मागून म्हणाली. "नाक पाह्य. पूर्ण सासूचं. मी सासूले सांगूनच देलं, नाक तुमचं हाये त शेंबूड पन तुम्हीच पुसा."

बायका हसल्या. दीप्तीही हसली. हसू आपोआप येतं, ते एक बरं असतं. तिनं बाळाला उचललं, आणि उचलल्यामुळे पूर्ण गोधडी उघडी पडली. मधोमध आणखी फिरोजी होतं. पाठीचा भाग. अख्खा.

बारसं दुपारीच आटोपलं होतं. दीप्ती गोंदियाला एका कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, रविवार म्हणून दवनीवाड्याला आलेली. राखी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे तलावाकडच्या या मोठ्या घरात. शाळेच्या सगळ्या वर्षांत दीप्ती या घराच्या ओसरीपर्यंत आली होती, ओसरीवरच अभ्यास, ओसरीवरच हाका. आज राखीनं हात धरून आत आणलं — "ये ना, परक्यावानी काऊन उभी हायेस" — आणि दीप्तीला उंबरा ओलांडताना किती बरं वाटलं होतं. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. ते बरं वाटणं अजून अंगावर होतं आणि खाली ही गोधडी.

दोन हजार तीन. आम्ही दहावीत. त्या वर्षी सगळ्या पोरींना पॅरलल पाहिजे होता, खाली मोकळा, चालताना फडफड करणारा, वर आखूड कुर्ती, मागे डोरी, डोरीला लटकन. केसांत प्लास्टिकचा तो नागमोडी हेअरबँड, तो काढला की डोक्यावर रेघा उमटायच्या. तितली पिना, त्यांचे पंख स्प्रिंगवर हलायचे. आणि माझ्याकडे होती जांभळी शिशी. अल्का मावशी दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेली होती, नागपूरवरून येताना तिनं घरासाठी पुस्तकं आणली, कॅलेंडर आणलं आणि मला सेंट. झाकण सोनेरी. वास म्हणजे पिकलेला पेरू, आणि त्याच्या मागून थोडं औषधाचं दुकान... मला तर ते औषधाचं दुकानही आवडायचं. आमच्या मोहल्ल्यात, विहारामागच्या त्या गल्लीत, असा वास कोणाच्याच घरात नव्हता.

राखी रोज यायची. कानामागे एक थेंब लावायची, मनगट मनगटावर घासायची, माझ्या पिना स्वतःच्या केसांत लावून आरशात मान हलवायची, तितल्या थरथरायच्या. पाणी मात्र कधी प्यायची नाही. "आत्ताच पिऊन आली." एवढी वर्षं मला वाटायचं राखीला तहानच कमी लागते.

कापड घ्यायला आम्ही अल्का मावशीबरोबर गोंदियाला गेलो. दुकानदार कात्री हातात धरून विचारतो, "दोनों बहनें हो क्या?" आणि मी काही म्हणायच्या आत राखी म्हणाली, "हां, जुड़वा." दुकानदार एकदा तिच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. मावशी हसायला लागली. येताना जीपमध्ये राखी माझ्या कानात सारखी तेच — जुड़वा, जुड़वा — तिच्या कानामागून माझाच सेंट येत होता. दिवाळीनंतर मंडई भरते, आमच्याकडची जत्रा, तेव्हा दोघींनी घालायचा, जोडीचा. तोपर्यंत कोणी घडीसुद्धा मोडायची नाही. असं ठरलं होतं.

"गोधडी चांगली झाली ना, बाई?"

मनकर्णाबाई. राखीची आई. पलंगाच्या कडेला टेकून पाय दाबत बसल्या. राखी आत चहा बघायला गेलेली, शेजारणी ओसरीवर सरकलेल्या. म्हातारीला दिसायला कमी झालंय, ती हातानं गोधडी चाचपत होती आणि तिचा हात बरोबर त्या कडक तुकड्यावर थांबला.

"हा कपडा पाह्य. लय महागाचा होता. पोरीच्या आंगाले लागलाच नाही."

दीप्तीनं बाळ खांद्यावर घेतलं. "काऊन, काकू?"

"इचा बाप नाही म्हटलन ना. कोन्या पोरीसंग जोडीचा शिवलन होतन इनं. बापानं म्हटलन, एका रंगाचे कपडे घालून मंडईत फिरशीन त लोक बहिनी म्हनतीन. मंग मी पेटीत टाकून देला. आता नातीच्या कामी आला." त्या जरा थांबल्या, आठवत. "कोन होती का मालूम ते पोरगी."

बाळानं खांद्यावर दूध ओकलं. गरम. दीप्ती पुसू शकली असती, रुमाल हातातच होता.

कोण होती का मालूम.

राखीचे वडील, केशोराव, ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. येताना ते तिला म्हणाले होते, काय म्हनते मॅडम, शाळा बरी चालून राहिली ना. मॅडम म्हणाले होते. तेसुद्धा बरं वाटलं होतं.

लोक बहिणी म्हणतील. आम्हाला तेच तर पाहिजे होतं.

मंडईच्या दिवशी सकाळी राखी आमच्याकडे इस्त्री मागायला आली होती. त्यांच्या घरी होती इस्त्री, पण बिघडली म्हणे. मी विचारलं नाही कधी बिघडली. मी तिला टॉवेलात गुंडाळून दिली, वर सांगितलं, बटन मधात ठेव, जास्त करू नको. आणि दुपारी ती परत आली — इस्त्री टॉवेलात, डोळे सुजलेले. "दीप्ते, तुह्या इस्त्रीनं जळला. पूर्ण पाठ गेली." मी म्हटलं दाखव. "आईनं फेकला." ती इतकी रडत होती, आणि ते रडणं खोटं नव्हतं, आज आठवूनही मला ते खोटं वाटत नाही, आणि हेच समजत नाही... खरं रडून कोणी खोटं कसं बोलतं. माझ्याच दारात उभी राहून. घरी बापानं नाही म्हटलं होतं, एवढं सांगायचं होतं. मी काय केलं असतं? तिच्या बापाला काय म्हटलं असतं मी? पण ती माझ्याकडून इस्त्री घेऊन गेली. जळला म्हणायला इस्त्री पाहिजे म्हणून.

मग मी तिला जांभळी शिशी देऊन टाकली. भरपाई म्हणून. अर्ध्याहून जास्त भरलेली. आणि म्हटलं, तू नाही घालत तर मी पण नाही घालत.

संध्याकाळी मंडईत मी जुना फ्रॉक घालून गेले. राखी तिच्या मामेबहिणींसोबत होती, नवीन गुलाबी घागरा, बांगड्यांच्या दुकानापाशी. ती दिसायच्या आधी वास आला. गर्दीत जिलेबीचं तेल, धूळ, बिडी, आणि त्यातून पेरू. मला बरं वाटलं होतं. वाटलं, एवढं तरी मी दिलं तिला. मी हात हलवला. तिनंही हलवला, कमरेपाशी, लहानसा. बहिणींना दिसू नये तेवढा. तो मी सांभाळून ठेवला होता इतकी वर्षं, प्रेमाचा म्हणून.

माझा ड्रेस दुसऱ्या वर्षी चुलत बहिणीला, दुर्गाला, दिला. तिनं घालून घालून फाडला. मी एकदाही घातला नाही. आणि खरं बघितलं तर राखीचा तो जळलेला ड्रेस आजपर्यंत अंगात घालून फिरली ती मीच.

राखी घुगऱ्यांची वाटी आणि पाण्याचा ग्लास घेऊन आली. अंगानं भरली आहे, बाळंतपणाची सूज, केस तेलकट, तरी कानामागे काहीतरी लावलेलं.

"तू कधी करून राहिली लग्न? का शाळेतल्या पोट्ट्यांचेच नाकं पुसशीन?"

"हा तोच ना गं," दीप्ती म्हणाली. बोटानं दाखवलं. आवाज साधा निघाला, पुस्तकातला धडा विचारावा तसा.

राखीनं बघितलं. मनकर्णाबाई उठून बाहेर गेल्या होत्या. खोलीत दोघी आणि बाळ.

"कोनता? हा?" राखी म्हणाली. मग पटकन, "थोडासाच जळला होता. बाजूबाजूनं. चांगलं चांगलं आईनं काढून ठेवलन."

थोडासाच. इतक्या वर्षांनी पाठ परत आली, नुसती बाजू जळलेली राहिली. दीप्तीला वाटलं आता काहीतरी म्हणू. एक वाक्य पुरे होतं, आत्ताच काकूंनी सांगितलं, बस. राखीचा चेहरा बघितला. ती वाट बघत होती. राखी वाट बघत होती की ही म्हणते का... आणि दीप्तीला एकदम दिसलं की हिनं इतकी वर्षं अशीच वाट बघितली असेल, प्रत्येक वेळी. आणि तरी सांगितलं नाही. त्यामुळे दया यायला पाहिजे होती. नाही आली.

"पानी तरी घे," राखी म्हणाली.

"नको. आत्ताच पिऊन आली."

तोंडातून निघून गेलं. ठरवून नाही. राखीचा हात ग्लास धरून तसाच राहिला. तिला कळलं की नाही, माहीत नाही... पण तिनं ग्लास खाली ठेवला नाही, पुन्हा म्हटलंही नाही. बाळ रडायला लागलं म्हणून बरं झालं. दीप्तीनं ते तिच्याकडे दिलं, आहेराचं पाकीट उशीखाली सरकवलं.

दाराशी राखीनं अडवलं. कपाटातून एक शिशी काढली, नवीन, चौकोनी काचेची. "यायनं आनलन नागपूरवरून. वास घे ना. तुह्या जांभळ्या शिशीवानी नाही लागत?" आणि दीप्ती हात मागे घेईपर्यंत तिच्या मनगटावर फुस्स. "घेऊन जा तू. तुह्यासाठीच ठेवलं."

शिशी दीप्तीनं तिथेच स्टुलावर ठेवली. वास काही ठेवता आला नाही.

ओसरीवर चपला घालताना केशोराव म्हणाले, "चालली का मॅडम." ती म्हणाली, हो काका.

तलावाच्या पाळीवरून घरी येताना तिनं मनगट ओढणीला पुसलं. मग ओढणीलाही लागला. पेरू होता... मागून औषधाचं दुकानसुद्धा होतं. आठवत होतं तर राखीला, इतकं नेमकं आठवत होतं.

बाबा पडवीत बसले होते. हिरालाल, राईस मिलमध्ये उभं आयुष्य गेलेला माणूस, अंगावर अजून कोंड्याची खाज असल्यासारखा दंड खाजवत.

"कायचा वास येऊन राहिला?"

"राखीनं लावला."

"हूं. नाव काय ठेवलन पोरीचं?"

"पीहू."

"बरं हाये."

उद्या शाळेत साडी लागते. दीप्तीनं फळीवरून इस्त्री काढली. तीच. मुठीला चिंधी, वायरला नवीन पट्टी. मंडईच्या त्या संध्याकाळी बाबांनी हीच इस्त्री पेचकसानं उघडली होती, आत फुंकलं, परत बसवली, लावली, पाण्याचा शिंतोडा मारून बघितला, मग स्वतःच्या अंगातला सदरा काढून त्याच्यावर फिरवली. सदरा पांढराच राहिला. "इस्तरी बराबर हाये," म्हणाले. एवढंच. आणि मी किती भडकले होते. म्हणजे राखी खोटं बोलते का? तुम्हाला माझी मैत्रीण बघवत नाही. कितीतरी दिवस त्यांच्याशी नीट बोलले नव्हते मी. त्यांनी वायर गुंडाळली आणि पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढलं नाही. कधीच.

त्यांना माहीत होतं. त्या दिवशीच. इस्त्री बरोबर आहे म्हणजे काय काय बरोबर नाही, ते सगळं त्यांना एका सदऱ्यात कळलं होतं, आणि त्यांनी मला जाऊ दिलं तिच्याकडे, त्या ओसरीवर, इतकी वर्षं. माझी मैत्रीण राहावी म्हणून. का मला सांगायची त्यांनाच लाज वाटली... पण मग तेही त्यांच्यातच आले ना. केशोराव, काकू, राखी आणि बाबा. सगळ्यांना माहीत, मी सोडून.

साडीवर इस्त्री फिरायला लागली. ऊब मनगटाला लागली की वास उठायचा. चांगला वास होता, तोच तर त्रास होता.

"लय गरम नोको करू," बाबा पडवीतून म्हणाले. "जळन."

"नाही जळत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "बराबर हाये ते."

दंड खाजवायचा आवाज थांबला. ती वर बघणार होती. बघितलं नाही. साडीची घडी उलटली, दुसऱ्या बाजूनं इस्त्री फिरवत राहिली, आणि बाहेरून काही येतं का ते ऐकत राहिली.