बेलभंडारा

केडगावच्या चौफुल्याला सोलापूर रस्ता सोडला तेव्हाच ठरवलं होतं, एक रात्र काढायची, काम उरकायचं आणि परत फिरायचं. सोलापुरात वीज मंडळात माझी नोकरी सरली. रिटायर झालो की गावी भीमेकाठी चार खोल्या बांधायच्या, असं मी आणि माझे थोरले भाऊ मारुतआबा वर्षानुवर्षं बोलत आलो. गाव आता राहण्यासारखं उरलं नव्हतं; ते घर नको, हे सांगायचं होतं. फोनवर सांगायचा धीर होत नव्हता. आबा हल्ली फोनवर उसाचं सोडून काही बोलतही नसत.

पूर्वी गावात शिरताना आधी गाव दिसायचं. आता सत्यजीतदादा दिसतात. वेशीत दुमजली फ्लेक्स, हात जोडलेले, गळ्यात म्हशीला बांधावी एवढी साखळी आणि 'वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा'. सत्यजीत असं नाव ठेवताना आईबापांच्या मनात काय होतं देव जाणे. पोरगा वाळूत मोठा झाला, आणि वाळूत मोठं व्हायचं तर कोयता लागतोच. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल लावलेली पोरं. त्यात आमचा स्वराज, आबांचा नातू. मी गाडी थांबवून बघत बसलो. शेजारच्या खांबावर तारेचे तुकडे लोंबत होते. तिथे गेल्या वर्षी अजीमच्या श्रद्धांजलीचा बोर्ड होता म्हणे.

अजीम म्हणजे मेहमूदभाईंचा मुलगा. बापलेकांचं वेल्डिंगचं दुकान आमच्या घरासमोरच. नदीतून रोज वाळूचे डंपर निघायचे, त्याचा व्हिडिओ त्याने तहसीलला पाठवला. पुढच्याच आठवड्यात भरदुपारी सत्यजीतने आणि त्याच्या टोळीतल्या दोन पोरांनी त्याला दुकानाच्या दारात तोडला. आबा आणि वहिनी समोर ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. दोघांनी सगळं पाहिलं आणि पोलिसांना जबाबही दिला. सत्यजीत काही महिन्यांत जामिनावर सुटून आला आणि त्याचा वाढदिवस झाला. उद्या पुण्याच्या कोर्टात दोघांची साक्ष होती. त्यासाठीच आबांनी मला मागेच गाडी घेऊन यायला सांगितलं होतं.

घरापाशी उतरलो तर समोरून मेहमूदभाई आले. माणूस पार वाळला होता.

"आलात व्हय, हौसराव? तुमच्या घराचं गेट तयार हाय. अजीमनंच करून ठिवलंय. रंग तेवढा राह्यला."

गेट दुकानाच्या भिंतीला टेकवलेलं होतं. वर वेलबुट्टी, मधे माझ्या नावाचं अक्षर. घर नको म्हणून सांगायला आलोय, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार? छान झालंय म्हणालो आणि आत गेलो.

आबा खाटेवर बसले होते. चहा झाला, उसाचं बोलून झालं. मग खाली बघत म्हणाले, "हौशा, उद्या मी येत न्हाई. धरून नेलं तरी सांगणार, मला काय दिसलं न्हाई."

"अहो आबा, जबाब दिलाय तुम्ही!"

"बेलभंडारा उचललाय मी."

आमच्या भागात जमिनीच्या वाटण्या बेलभंडाऱ्यावर झाल्यात. बेलाचं पान आणि खंडोबाची हळद हातात घेऊन माणूस बोलला की विषय संपला. कोर्टातली शपथ सरकारी, ती सोयीप्रमाणे घेता येते. बेलभंडारा मोडला तर घराचं वाटोळं होतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो.

"सत्यजीतनं आळीतली समदी माणसं देवळात बोलावली," आबा सांगू लागले. "शिवी न्हाई, दमदाटी न्हाई. चहा पाजला. म्हनला, आबा, गावाची भानगड गावातच राहू द्या. कुनी काय पाह्यलं न्हाई, म्हना आन् उचला. एकेकानं उचलला."

"तुम्ही गेलात कशाला?"

"बोलवायला स्वराज आला व्हता."

मला राग यायला हवा होता. पण राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. कोर्ट टळलं, पुढचं लचांड टळलं. त्याच सुरात मी घराचंही सांगून टाकलं. आबा नुसतं "बरं" म्हणाले. आतून वहिनींच्या भांड्यांचा आवाज येत होता, तो मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

सकाळी मी बॅग गाडीत टाकली. मागे वळतो तर दारात वहिनी. लग्नकार्यात नेसायचं लुगडं, हातात पिशवी, पिशवीतून डोकावणारं समन्स.

"भावजी, म्होरं बसू का मागं?"

"कुठं निघालात वहिनी?"

"कोर्टात. मला बी बोलावलंय की."

आबा ओट्यावरून ओरडले, "अगं, येड लागलं का तुला? बेलभंडारा उचललाय!"

"तुम्ही उचललाय. मला कुनी बोलावलं व्हतं? देवळात बाया कशाला, म्हनले तुमचे सत्यजीतदादा. आजीचं काय, आबा म्हनतील तेच म्हनंल. तवा त्या चहाचा थर्मास भरून द्यायला तेवढी मी चालले."

"नवऱ्यानं उचलला म्हंजी बायकोनं उचलला!"

"आन् मी जे पाह्यलं, ते बी तुम्हीच पाह्यलं का?" वहिनींचा आवाज चढला नव्हता. "अजीम पानी मागत व्हता. मी तांब्या घिऊन उठले, तर तुम्ही पदर धरून खाली बसवलं मला."

आबा तोंड फिरवून पुटपुटले, "घराचं वाटोळं व्हईल, कस्तुरा."

"व्हायचं काय राह्यलंय? नातू फ्लेक्सवर गेला."

तेवढ्यात मी मधे पडलो. शहाण्या माणसाने बोलावं तसं बोललो. वहिनी, ही माणसं कशी आहेत तुम्हाला माहीत आहे. साक्ष देऊन तुम्हाला याच घरात परत यायचंय. दुसरी तारीख मागता येते, वकिलाशी बोलू. खरं तर मला माझी गाडी, माझं म्हातारपण आणि सोलापूरचा फ्लॅट दिसत होता.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"भावजी, तुम्ही उचललाय का बेलभंडारा?"

"नाही."

"मग चावी लावा."

मी चावी लावली. दुसरं काय करणार होतो? समोर मेहमूदभाई शटर अर्धं उघडून उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. गाडीला वळायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते जड गेट एकट्याने उचलून बाजूला घेतलं. वहिनींकडे बघून त्यांनी सलामाचा हात कपाळापर्यंत नेला. मी काच खाली केली आणि म्हणालो, "भाई, गेटला रंग देऊन ठेवा." हे मी का बोललो ते मलाही कळलं नाही. आरशात आबा दिसत होते, ओट्यावर तसेच, उघड्या डोक्याने.

वेशीत वहिनी म्हणाल्या, "जरा थांबवा."

मला वाटलं, धीर सुटला. पण त्या काचेतून वर फ्लेक्सकडे बघत होत्या, चष्मा पुसून, रांगेतला एकेक चेहरा बघत. स्वराज सापडला तशा थांबल्या.

"लेकराचा फोटू किती ग्वाड आलाय," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "चला आता. कोरेगावला गाड्या तुंबत्यात."