दोन पायऱ्यांचं स्टूल

"हा तुम्हीच ठेवा, मिस्टर वेंडेल." केझायाने टाके घालायचा चिमटा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. "मॅडमनी दिला होता. आता लागणार नाही. मी हाडांच्या सर्जरीच्या ट्रेनिंगला अर्ज करत नाहीये."

अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती.

वेंडेल बॉयलरचा मेकॅनिक, आता निवृत्त. त्याची बायको ऑडेसा अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातली हाडांची सर्जन. या कामात तिच्यासारख्या कृष्णवर्णीय बायका बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणून मेडिकल कॉलेजने एक योजना काढली आणि काही विद्यार्थिनी तिच्या हाताखाली दिल्या. दर शनिवारी त्या याच टेबलावर डुकराच्या पायांवर टाके घालायला शिकत. उरलेले पाय वेंडेल शिजवी. फेब्रुवारीत ऑडेसा गेली. केझाया तिची शेवटची विद्यार्थिनी.

"झालं काय, पोरी?"

"मोठ्या सरांनी ऑपरेशनमधून बाहेर काढलं. ते सहा फुटी, टेबल त्यांच्या उंचीचं. दोन तास हात वर करून पेशंटचा पाय धरला होता मी. शेवटी हात थरथरला."

"स्टूल मागितलं नाहीस?"

"मागितलं असतं तर म्हणाले असते, बघा, हिला शिडी लागते!"

वेंडेल हसला. "ऑडेसा पाच फूट एक इंच. आत शिरायच्या आधीच नर्सला सांगायची, दोन पायऱ्यांचं स्टूल लावा. एकदा असाच एक जण फिसकन हसला. ही म्हणाली, 'डॉक्टर, तुमचा चष्मा काढून ठेवू? बघू कसं जमतं ते.'"

केझायाला हसू फुटलं, आणि मागोमाग रडू.

"पण पहिलं वर्षभर तिनेही मागितलं नव्हतं," तो म्हणाला. "रोज खांदे धरून घरी यायची. मीच शेकून द्यायचो, म्हणून मला माहीत."

केझायाने डोळे पुसले. मग चिमटा उचलून पिशवीत टाकला आणि लॅपटॉप काढला.

"खायला काही आहे का हो?"

"डुकराचे पाय. सवयीने आणले. टाके घालायला कुणी नव्हतं, म्हणून सगळे शिजवले."

खाता खाताच तिने अर्ज पाठवला. "पुढच्या शनिवारी येऊ?"

"ये. कॉलेजातल्या तुझ्या मागच्या वर्षांच्या मुलींनाही आण. मला शिकवता येत नाही, तू शिकव. टेबल आहेच."

ती गेल्यावर वेंडेलने मनातल्या मनात आभार मानले. देवाचे की ऑडेसाचे, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. सात महिन्यांनी सिंकमध्ये दोन बशा पडल्या होत्या. त्या त्याने लगेच धुतल्या नाहीत.